पोटातला पंप आणि मेसचे काका

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलवरची कोणतीही रूम घ्या आणि टेबलाचा ड्रॉवर उघडून बघा. कॅल्क्युलेटर, अर्धवट राहिलेले जर्नल, कोणाकडून तरी ‘उद्या देतो’ म्हणून आणलेली पट्टी आणि कोपऱ्यात अ‍ॅसिडिटीची एखादी पुडी, एवढे हमखास सापडेल. माझ्या ड्रॉवरमध्ये तर पुड्यांचा अख्खा डबाच होता.

मागच्या वर्षी सबमिशनच्या सुमारास मला रोज रात्री दोन-अडीचला पोट दुखून जाग यायची. दुखायचे ते बेंबीच्या वर, छातीच्या खाली. दोन बिस्किटे खाल्ली की बरे वाटे, दोन-तीन तासांनी पुन्हा सुरू! निदान मी स्वतःच करून टाकले : मेसची तर्री. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण मी मेस कमिटीकडे अर्ज लिहिला, ‘मेसच्या तिखटामुळे मुलांना अल्सर होत आहेत’, आणि त्यावर विंगमधल्या बावीस जणांच्या सह्या घेतल्या. मेसचे काका रेक्टर सरांसमोर खाली मान घालून उभे होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्याच दिवसांत फुटबॉल खेळताना माझा घोटा मुरगळला होता. शेजारच्या रूममधल्या मित्राने ‘घे रे, भारी गोळी आहे’ म्हणून पेनकिलरची पट्टी दिली. ती मी जवळजवळ तीन आठवडे घेतली, बहुतेक वेळा उपाशीपोटी, चहाबरोबर. पोट दुखले की वरून पुडी. एके दिवशी सकाळी संडासला डांबरासारखे काळे झाले. लाज वाटली म्हणून कोणाला बोललो नाही. दुपारी लॅबमधून येताना जिन्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसलो. पुढचे मला नीट आठवत नाही. हॉस्पिटलमध्ये नेले तेव्हा हिमोग्लोबिन ७.९ होते. विंगमधल्या ज्या दोघांनी त्या दिवशी रक्त दिले, त्यांच्या सह्या माझ्या त्या अर्जावरही होत्या!

एंडोस्कोपी झाली. जठराच्या पुढे लहान आतड्याची सुरुवात होते तिथे अल्सर होता आणि त्यातून रक्त जात होते. डॉक्टर मॅडमनी पोटातला कणभर तुकडा काढून एका पिवळ्या जेलमध्ये ठेवला. काही वेळाने मला म्हणाल्या, “अरे, तू केमिकलचा ना? मग हे बघ.” जेल चक्क गुलाबी झाले होते! टायट्रेशन आयुष्यभर केले, पण स्वतःच्या पोटाचे पहिल्यांदाच पाहिले. “तिखटाने अल्सर होत नाही रे. तुझ्या पोटात जंतू आहे, आणि वरून तू पेनकिलरचा मारा केलास,” मॅडम म्हणाल्या.

म्हणजे काकांची तर्री निर्दोष! घरी पडून राहण्याच्या तीन आठवड्यांत मी या विषयावर मिळेल ते वाचून काढले. ज्या गोळीने माझा अल्सर भरून आला ती कोणी आणि कशी शोधली, याची गोष्ट आपल्या डिझाइनच्या कोणत्याही प्रोजेक्टपेक्षा कमी नाही. तीच येथे सांगतो.

पोटातला कारखाना

आपले जठर दिवसाला साधारण दोन लिटर पाचकरस तयार करते. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, म्हणजे आपल्या लॅबमधल्या बाटलीतलेच, पण पातळ. ही गोष्ट विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने १८२३-२४ च्या सुमारास दाखवून दिली. हे आम्ल जठराच्या अस्तरातल्या ‘पराइटल’ नावाच्या पेशी बनवतात. पेशीच्या आत पीएच ७ च्या आसपास आणि ती ज्या बारीक नळीत आम्ल सोडते तिथे १ च्याही खाली. म्हणजे हायड्रोजन आयन दहा लाख पटींहून जास्त चढावर ढकलायचे! त्यासाठी पेशीच्या भिंतीत एक प्रथिन बसवलेले असते. ते एटीपी जाळून हायड्रोजन आयन बाहेर टाकते आणि बदल्यात पोटॅशियम आयन आत घेते. हाच तो ‘प्रोटॉन पंप’.

पंप चालू करायला तीन बटणे आहेत. एक, मेंदूकडून येणारी व्हेगस नस. जेवणाची घंटा ऐकूनच पोटात आम्ल सुटते ते हिच्यामुळे. दुसरे, गॅस्ट्रिन नावाचे हॉर्मोन. तिसरे, हिस्टामिन. आम्ल पुरेसे झाले की गॅस्ट्रिन कमी होते आणि पंप थंडावतो. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरातला निगेटिव्ह फीडबॅक तो हाच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एवढ्या आम्लात जठर स्वतः का पचून जात नाही? कारण अस्तरावर चिकट श्लेष्माचा आणि बायकार्बोनेटचा थर असतो. हा थर टिकवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये लागतात. आता गंमत अशी, की घोटा सुजतो आणि दुखतो तोही प्रोस्टाग्लँडिनमुळेच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणेच थांबवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. घोट्याला आराम मिळतो, पण पोटाचे प्लॅस्टर उडते. मी तीन आठवडे नेमके हेच करत होतो.

दुसरे कुलूप

पूर्वी अल्सरवर उपाय काय होता? सोडा किंवा खडूसारखे अँटासिड घ्यायचे, दुधावर राहायचे, आणि नाहीच जमले तर ऑपरेशन. जठराचा भाग कापून टाकायचा किंवा व्हेगस नस तोडायची. फुटलेल्या अल्सरने माणसे दगावत. अँटासिड म्हणजे टाकी भरून वाहते आहे आणि आपण फरशी पुसतो आहोत असा प्रकार. नळ बंद करायला कोणी जात नव्हते, कारण तो कसा बंद करायचा हेच माहीत नव्हते.

जेम्स ब्लॅक नावाचा स्कॉटिश संशोधक १९६४ मध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीच्या इंग्लंडमधील वेल्विन गार्डन सिटी येथील प्रयोगशाळेत आला. त्याआधी त्याने हृदयरोगावरचे प्रोप्रॅनोलॉल शोधले होते. त्याने एक साधा प्रश्न धरून ठेवला. सर्दीवर, पित्त उठल्यावर जी अँटीहिस्टामिन औषधे देतात, ती हिस्टामिनला अडवतात. पण तीच औषधे देऊनही हिस्टामिनमुळे सुटणारे आम्ल मात्र थांबत नाही. असे का? ब्लॅकचे म्हणणे असे, की हिस्टामिन ही एक किल्ली असून तिला शरीरात दोन वेगवेगळी कुलपे आहेत. जुनी औषधे पहिल्या कुलपात बसतात. पोटातले कुलूप दुसरे आहे. त्या दुसऱ्या कुलपात जाईल पण फिरणार नाही अशी किल्ली बनवायची, म्हणजे खरी किल्ली आत शिरायला जागाच उरणार नाही.

तेव्हा कॉम्प्युटरवर रेणू फिरवून बघायची सोय नव्हती. कुलूप कोणी पाहिलेले नव्हते, हाताशी फक्त किल्ली होती. म्हणून रॉबिन गॅनेलिन आणि त्यांच्या सहकारी रसायनतज्ज्ञांनी हिस्टामिनचा रेणूच घेतला आणि त्यात एकेक फरक करत गेले. इथे एक मिथाइल लाव, तिथे साखळी लांब कर, बधिर केलेल्या उंदराच्या जठरावर तपास, पुन्हा लाव. चार वर्षांत सुमारे दोनशे संयुगे झाली आणि हाती काही लागले नाही. विचार करा, आपले दोन एक्सपेरिमेंट फसले की आपण सिनियरची रीडिंग घेऊन मोकळे होतो!

आणि मग लक्षात आले की एक संयुग सुरुवातीलाच बनवले होते, त्यात थोडा गुण होता, पण चाचणीत तो दिसला नव्हता. ते संयुग कुलूप अडवत तर होतेच, पण थोडेसे फिरवतही होते. त्यामुळे ते स्वतःच थोडे आम्ल सोडायचे आणि बेरीज-वजाबाकीत गुण झाकला जायचा. चाचणी सुधारून पाहिल्यावर ते उघड झाले. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. उत्तर बाटलीत तयार होते, मोजमाप चुकत होते.

तिथून गाडी सुटली. रेणूची साखळी लांब केली आणि तिच्या टोकाचा विद्युतभारित गट काढून तिथे भार नसलेला थायोयुरिया बसवला. तयार झाले ब्युरिमामाइड, १९७२ मध्ये ते जगापुढे आले. दुसरे कुलूप (आता त्याला ‘एच-२ रिसेप्टर’ म्हणतात) खरोखर आहे, हे त्याने सिद्ध केले. पण तोंडाने घेतले तर परिणाम पुरेसा होईना. मग साखळीत एक गंधकाचा अणू आणि कड्यावर एक मिथाइल गट बसवून मेटियामाइड केले. त्याने रुग्णांचे अल्सर भरले! पण काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या, म्हणजे जीवावरचा धोका. संशय गेला तो थायोयुरिया गटावर.

तो गट काढून ग्वानिडीन बसवावा, तर ग्वानिडीन तीव्र अल्कधर्मी, लगेच भारित होणारा. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यावर त्यांनी काढलेली युक्ती ऑरगॅनिकच्या मास्तरांना आवडेल अशी आहे. ग्वानिडीनवर इलेक्ट्रॉन ओढणारा सायनो गट लावला, त्यामुळे त्याचा अल्कधर्म गळून पडला. आकार हवा तसा आणि भारही नाही. हे झाले सिमेटिडीन. ‘टॅगामेट’ या नावाने नोव्हेंबर १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये बाजारात आले, पुढच्या वर्षी अमेरिकेत. या वाटेवर एकंदर सातशेच्या आसपास संयुगे बनवली गेली होती. अल्सरची ऑपरेशने झपाट्याने कमी झाली. ब्लॅक यांना १९८८ मध्ये गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्याबरोबर नोबेल मिळाले.

सिमेटिडीनलाही दोष होते. यकृतातल्या एन्झाइमना ते अडवायचे, त्यामुळे बरोबर घेतलेली इतर औषधे शरीरात साठायची. ग्लॅक्सो कंपनीने कड्यातला इमिडॅझोल काढून फ्युरान घातला आणि रॅनिटिडीन आणले, १९८१ मध्ये. आपल्या आईबाबांच्या पिढीची अ‍ॅसिडिटीची गोळी ती हीच. एके काळी ते जगात सर्वाधिक विकले जाणारे औषध होते. पण २०१९ मध्ये त्यात एनडीएमए ही कर्करोगाशी संबंध असलेली अशुद्धी सापडली. साठवणीत, विशेषतः उष्णतेत, ती वाढते असे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकांनी एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला सांगितले. आपल्याकडच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही २०२२ मध्ये ते वगळले गेले. चाळीस वर्षे चाललेल्या रेणूचाही पुन्हा व्हायवा होतो, तो असा.

बटण सोडा, पंपच पकडा

एच-२ ची औषधे तीन बटणांपैकी एकच अडवतात. तिन्ही बटणे शेवटी ज्या पंपाला जोडलेली आहेत, त्यालाच धरले तर? स्वीडनमध्ये हॅसल नावाची कंपनी (अ‍ॅस्ट्रा समूहातील) १९६० च्या दशकापासून आम्ल कमी करणारी संयुगे शोधत होती. गंमत म्हणजे सुरुवातीला त्यांचे संयुग नेमके कुठे काम करते हे त्यांनाही ठाऊक नव्हते. १९७० च्या दशकात जॉर्ज सॅक्स आणि इतरांच्या संशोधनातून प्रोटॉन पंप उलगडला आणि त्यांच्या लक्षात आले, आपली संयुगे तर याच पंपावर बसतात!

वाट मात्र काट्यांची होती. टिमोप्रॅझोल आम्ल छान थांबवायचे, पण थायरॉइडवरही परिणाम करायचे. रेणूत बदल करत, पिरिडीनच्या कड्यावर मिथाइल आणि मेथॉक्सी गट बसवत १९७९ मध्ये ओमेप्रॅझोल तयार झाले. पुढे १९८४ मध्ये संकट आले. आयुष्यभर मोठे डोस दिलेल्या उंदरांच्या जठरात गाठी आढळल्या आणि माणसांवरच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. आता मघाचे निगेटिव्ह फीडबॅकचे वाक्य आठवा. आम्ल जवळजवळ शून्यावर आणले, म्हणून गॅस्ट्रिनला ‘थांब’ सांगणारे कोणी उरले नाही. ते वाढतच गेले आणि वाढलेल्या गॅस्ट्रिनने त्या पेशी वाढवल्या. गाठी औषधाच्या विषाने झालेल्या नव्हत्या. हे पटवून दिल्यावर चाचण्या पुन्हा सुरू झाल्या आणि १९८८ मध्ये ‘लोसेक’ या नावाने औषध बाजारात आले. पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही सगळी त्याचीच भावंडे.

हा रेणू काम कसा करतो ते ऐका, मला तर वाचताना टाळी वाजवावीशी वाटली. ओमेप्रॅझोल जसे गिळतो तसे ते निष्क्रिय असते. ते सौम्य अल्क आहे. रक्तातून फिरताना त्याला भार नसतो, त्यामुळे ते सगळीकडे सहज आत-बाहेर करते. पण पराइटल पेशीच्या त्या आम्लाच्या नळीत शिरले की प्रोटॉन घेऊन भारित होते आणि मग बाहेर पडता येत नाही. अडकते आणि साठते. तिथल्याच आम्लाने त्याचे रूप बदलते आणि ते नवे रूप पंपाच्या प्रथिनातल्या सिस्टीन या घटकाच्या गंधकाला पक्का बंध करून चिकटते. पंप कायमचा बाद! म्हणजे ज्या आम्लाला मारायचे, त्याच आम्लाकडून औषध जागे करून घेतले. शरीरात इतरत्र एवढे तीव्र आम्ल कुठे नाही, म्हणून ते इतरत्र जवळजवळ गप्पच राहते. रक्तातून ते तासा-दीड तासात निम्मे होते, पण परिणाम दिवसभर राहतो, कारण शरीराला नवे पंप बनवावे लागतात.

यातून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, गोळीला आम्लात न विरघळणारे आवरण असते, नाहीतर ती जठरातच जागी होऊन वाया जाईल. म्हणून ती चावायची किंवा कुटायची नाही. दोन, ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची, कारण जेवताना जास्तीत जास्त पंप चालू असतात आणि चालू पंपच पकडता येतो. जेवण झाल्यावर ढेकर देत घेतली तर तिचा पुरा उपयोग होत नाही. तीन, पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. ‘एक गोळी घेतली, काही फरक नाही’ असे म्हणू नये.

आपल्याकडे ही गोळी काही रुपयांत मिळते, त्यामागे १९७० चा पेटंट कायदा आहे. त्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. आपल्या कंपन्यांनी त्याच रेणूकडे जाणाऱ्या वेगळ्या पद्धती बसवल्या. तो कायदा २००५ पासून बदलला, पण तोवर ही औषधे आपल्या गल्लीतल्या दुकानात पोचली होती. केमिकलवाल्यांनो, कॉलर ताठ करा!

पण प्रश्नच अपुरा होता

इतके सगळे झाले, तरी एक खटकणारी गोष्ट उरली होती. सिमेटिडीनने अल्सर भरायचा, पण गोळी थांबवली की वर्षभरात अर्ध्याहून अधिक रुग्णांचा परत यायचा. म्हणजे गोळी जन्मभर!

ऑस्ट्रेलियात पर्थ येथील रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना १९७९ मध्ये जठराच्या तुकड्यात वळणदार जंतू दिसले. जठराच्या आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, असे तेव्हा सगळे मानत. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. ते जंतू काही केल्या प्रयोगशाळेत वाढेनात. दोन दिवसांत काही दिसले नाही की बशा फेकून देत. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे बशा पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवले. सुट्टीचे असेही फायदे असतात, रजिस्ट्रार सरांनी नोंद घ्यावी!

तरी कोणी विश्वास ठेवेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनी ते जंतू मिसळलेले पाणी स्वतःच प्यायले. काही दिवसांत उलट्या, तोंडाला वास, आणि तपासणीत जठराला सूज व त्यात तेच जंतू. दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. (आपण कोणी असला प्रयोग करू नये, नोबेल मिळण्याआधी के.टी. लागेल.)

हा जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, युरिएज नावाचे एन्झाइम बनवतो. ते युरियाचा अमोनिया करते आणि अमोनिया भोवतीचे आम्ल मारतो. माझ्या तुकड्याने पिवळे जेल गुलाबी केले ते याच अमोनियाने. जेलमध्ये युरिया आणि फिनॉल रेड असते, बस. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू आहे. बहुतेकांना तो लहानपणी, घरातल्या घरातच लागतो आणि बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास देत नाही. पण काहींना अल्सर होतो, आणि जठराच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध आहे. त्याच्यावर दोन प्रतिजैविके आणि बरोबर पंपाची गोळी असा साधारण चौदा दिवसांचा कोर्स देतात. जंतू गेला की अल्सर सहसा परत येत नाही.

मग ब्लॅक आणि स्वीडनवाल्यांचे कष्ट वाया गेले का? अजिबात नाही. आम्ल कमी केल्याशिवाय जखम लवकर भरत नाही आणि ही प्रतिजैविकेही चांगली चालतात ती आम्ल कमी असतानाच. काही औषधांना हा जंतू आता दाद देत नाही, त्यामुळे नव्या रेणूंचा शोध चालूच आहे. जपानच्या ताकेदा कंपनीच्या व्होनोप्रॅझानला तिथे डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली. पंपात पोटॅशियम जिथून शिरतो, ती जागाच हा रेणू अडवून बसतो. त्याला जागे व्हायला आम्ल लागत नाही, जेवणाची वेळ पाहावी लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून तो जोरात काम करतो. या जातीचा एक रेणू १९८० च्या दशकातच सापडला होता, पण यकृताला बाधत असल्याने सोडून द्यावा लागला. कल्पना खरी ठरायला तीस वर्षे लागली.

हॉस्टेलसाठी चार शब्द

मी डॉक्टर नाही, ठेच लागलेला विद्यार्थी आहे. तेव्हा एवढेच सांगतो :

१. रूममेटची पेनकिलर घेऊ नका. घ्यावीच लागली तर डॉक्टरांना विचारून, कमी दिवस, आणि उपाशीपोटी नाही.

२. पुडीने दुखणे दबते, कारण तसेच राहते. आठवड्या-दोन आठवड्यांत थांबले नाही तर दाखवा.

३. डांबरासारखे काळे होणे, रक्ताची उलटी, चक्कर, वजन घटणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी हॉस्पिटल. लाजू नका. माझी लाज मला दोन बाटल्या रक्ताला पडली.

४. कोर्स मध्येच सोडू नका. पाचव्या दिवशी बरे वाटते, पण जंतूला नाही.

५. ‘पॅन’ची गोळी वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका. गॅस्ट्रिन वाढलेले असते, ती एकदम बंद केली की आम्ल उसळते आणि आपल्याला वाटते, हिच्याशिवाय चालतच नाही. किती दिवस घ्यायची आणि कशी कमी करायची, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

तिखटाने अल्सर होत नसला तरी जळजळ वाढू शकते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा तर्रीवर ताव मारायचा की नाही हे ज्याने त्याने आपल्या पोटाला विचारावे.

कोर्स संपल्यावर दीड महिन्याने माझी श्वासाची चाचणी झाली. विशिष्ट कार्बन असलेला युरिया प्यायचा आणि बाहेर टाकलेल्या श्वासात तो कार्बन येतो का ते पाहायचे. आला नाही. जंतू गेला होता.

हॉस्टेलवर परत आल्यावर मी मेस कमिटीला दुसरा अर्ज लिहिला, पहिला मागे घेतल्याचा. सह्यांसाठी पुन्हा विंगभर फिरलो. या वेळी एकोणीसच मिळाल्या, तिघांचे म्हणणे पडले की वरण पातळ असते ही तक्रार तरी ठेव. अर्ज रेक्टर सरांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवला. नंतर मी स्वयंपाकघरात जाऊन काकांची माफी मागितली. ते कणीक मळत होते. म्हणाले, “ते जाऊ दे रे. आजारी होतास, मला काय माहीत! रात्री साडेनऊनंतर येतोस ना जेवायला, तेवढं बंद कर. भाकरी गार होते.”

सध्या मी साडेआठला जेवतो.

(तृतीय वर्ष, रसायन अभियांत्रिकी)